पाणी पिण्याच्या जागा

एका व्याख्यानमालेचे अकरा तासांचे ध्वनिमुद्रण माझ्याकडे एकाच फाइलमध्ये होते. फाइल सुमारे ३२० एमबीची आणि कोरी सीडी ७०० एमबीची. तेव्हा गाडीत ऐकण्यासाठी ती सीडीवर उतरवून घ्यावी आणि उरलेल्या निम्म्याहून अधिक जागेत आणखी काही भरावे, असा माझा सरळ हिशेब होता. संगणकाला तो मान्य झाला नाही. जागा अपुरी आहे, असे तो सांगू लागला. मी वजाबाकी पुन्हा करून पाहिली. ती बरोबरच होती.

चूक वजाबाकीत नव्हती, मापात होती. माझ्या गाडीतला जुना प्लेअर फक्त ऑडिओ सीडी ओळखतो आणि ऑडिओ सीडी एमबीत नव्हे, मिनिटांत मोजली जाते. एमपी-थ्री फाइल म्हणजे घडी घालून, दाबून ठेवलेला आवाज. ऑडिओ सीडीवर जाताना ही घडी पूर्ण उलगडावी लागते : दर सेकंदाला ४४,१०० नमुने, प्रत्येक नमुना १६ बिटांचा, आणि हे सगळे डाव्या व उजव्या कानासाठी वेगवेगळे. बोलणारा माणूस एकटा असला, तरी सीडी दोन्ही कानांची जागा अडवतेच. असा उलगडलेला आवाज मिनिटाला सुमारे दहा एमबी खातो आणि ८० मिनिटांत तबकडी भरते. माझी ६६० मिनिटे आठ तबकड्या काठोकाठ भरून वर वीस मिनिटे उरत होती. म्हणजे एकूण नऊ.

पहिल्या खेपेला मी हे काम यंत्रावर सोपवले. त्याने घड्याळ लावून दर ८० मिनिटांना कात्री चालवली. पाचवी तबकडी ‘परंतु’ या शब्दावर संपली. त्या वेळी मी भर रहदारीत होतो आणि चालत्या गाडीत तबकडी बदलायची नाही, हा माझा नियम आहे. पुढचा सिग्नल येईपर्यंत ते ‘परंतु’ गाडीत तसेच लोंबकळत राहिले. सहावी तबकडी घातली तेव्हा वाक्याचा उत्तरार्ध आला खरा, पण ‘परंतु’च्या आधी वक्ता काय म्हणाला होता, हे तोवर मी विसरून गेलो होतो.

मग सगळे नव्याने करायला बसलो. व्याख्याने सात, प्रत्येक दीड तासाहून थोडे लांबलेले. त्यामुळे एक व्याख्यान एका तबकडीत मावणे शक्यच नव्हते आणि प्रत्येकाला दोन दिल्या तर चौदा तबकड्या झाल्या असत्या. नऊ तबकड्यांत मिळून मात्र तासाभराची ढील होती. प्रत्येक तबकडी ८० मिनिटांच्या आत कुठेही तोडायला मी मोकळा होतो. फक्त बरी जागा सापडायला हवी होती. संगणकाच्या पडद्यावर आवाजाची आकृती डोंगररांगेसारखी दिसते आणि जिथे बोलणे थांबते तिथे ती सपाट होते. पण प्रत्येक सपाट जागा तोडण्याजोगी नसते, हे ऐकल्यावरच कळते. काही थांबे श्वासाचे असतात, काही श्रोत्यांना ताटकळत ठेवण्यासाठी मुद्दाम घेतलेले. तिथे कात्री लावणे हा वक्त्यावर अन्याय. खरी जागा पाणी पिण्याची. एखादा मुद्दा पुरता मांडून झाल्याशिवाय हे गृहस्थ पेल्याला हात लावत नसत, हे त्यांचे बोलणे समोर बसून ऐकणाऱ्यांच्याही कदाचित ध्यानात आले नसेल.

एमपी-थ्री वाचणारा प्लेअर बसवला, तर हे सारे एकाच सीडीत निम्म्याहून कमी जागेत मावेल, हे मला ठाऊक आहे. पण गाडी बंद करून पुन्हा सुरू केल्यावर काही प्लेअर फाइल पहिल्यापासून वाजवतात आणि अकरा तासांच्या फाइलमध्ये आपली जागा बोट दाबून शोधणे म्हणजे शिक्षाच. तिथेही तुकडे पाडावेच लागतात. पाच-पाच मिनिटांचे पाडले तर ते १३२ होतात. त्यांना नुसते १, २, ३ असे क्रमांक दिले की नावाच्या क्रमाने चालणारा प्लेअर १ नंतर १०, मग १०० वाजवतो. ००१ पासून सुरुवात करावी, हे बहुतेकांना एकदा फसल्यावरच सुचते.

माझ्या नऊ तबकड्यांवर मी कागदी लेबले लावली नाहीत. गाडीच्या फटीत ती सुटून अडकतात. मार्करने केवळ क्रमांक घातले. आता पाचवी तबकडी ७१ मिनिटांनी संपते. शेवटी पेला टेबलावर ठेवल्याचा हलका आवाज येतो, मी पुढच्या सिग्नलची वाट पाहतो, आणि सहावी आत सरकवेपर्यंत त्यांचे पाणी पिऊन झालेले असते.