दादाचं रक्त, माझी फाईल

२०१८ साली एएमएल या रक्ताच्या कॅन्सरसाठी माझं बोन मॅरो ट्रान्सप्लांट झालं. डोनर दादा. मी ए पॉझिटिव्ह, तो ओ पॉझिटिव्ह. काही महिन्यांत माझं रक्तही ओ झालं. आई म्हणायची, आता चिडशीलही त्याच्यासारखी.

दोन वर्षांनी जिन्यात धाप लागायला लागली. सगळीकडे कोविडची धास्ती, आरटीपीसीआर मात्र निगेटिव्ह. एका डॉक्टरांनी दमा म्हणून पंप दिला, त्यात चार महिने गेले. शेवटी स्पायरोमेट्री झाली. पहिल्या सेकंदात जोरात फुंकून बाहेर पडणारी हवा, एफईव्ही-१, २.४ लिटरवरून १.१ वर आली होती. ब्रॉन्किओलायटिस ऑब्लिटरन्स. दादाच्या पेशींनी माझ्या फुफ्फुसांतल्या बारीक नळ्या परक्या ठरवल्या होत्या आणि त्या व्रण धरून बुजत चालल्या होत्या. औषधं सुरू झाली: स्टेरॉइड, अझिथ्रोमायसिन, रुक्सोलिटिनिब. घसरण मंदावली, गेलेलं परत आलं नाही. घरात ऑक्सिजन आला. फोडणीच्या वेळी मला दुसऱ्या खोलीत बसवायचे.

शेवटी फुफ्फुसंच बदलायची ठरली. त्या प्रतीक्षा यादीत नाव घालताना गोंधळ झाला तो रक्तगटाचा. जुन्या कागदांवर ए, नव्या रिपोर्टवर ओ. काउंटरवरच्या बाई म्हणाल्या, "मॅडम, यातलं एक कुणाचं तरी दुसऱ्याचं आहे." खरंच होतं! रक्त दादाचं, बाकी देह माझा. अँटिबॉडी तपासून डॉक्टरांनी ओ गटाचीच फुफ्फुसं घ्यायची ठरवलं. शिवाय माझी उंची पाच फूट, म्हणजे छातीच्या मापाचा लहानखुरा दाता हवा. साताऱ्याहून येऊन आम्ही पुण्यात खोली घेतली, कारण बोलावणं आलं की तासाभरात पोचायचं.

पहिलं बोलावणं फुकट गेलं. नऊ तास उपाशी बसले, मग कळलं की त्या फुफ्फुसांत संसर्ग निघाला. रिक्षात मी नाही, दादा रडला.

दुसऱ्यांदा जमलं. दाता कोण, ते सांगत नाहीत. मीही विचारलं नाही. फक्त त्यांच्या घरच्यांनी ती सही कशी केली असेल, हे अजून मनात येतं.

आता टॅक्रोलिमस, म्हणजे शरीराने नवी फुफ्फुसं नाकारू नयेत म्हणूनची गोळी, सकाळी आठ, रात्री आठ. रक्तातली तिची लेव्हल तपासायच्या दिवशी रक्त दिल्याशिवाय सकाळची गोळी घ्यायची नाही, म्हणून ती पोळीच्या डब्यात घालून नेते. घरच्या यंत्रात रोज फुंकून एफईव्ही-१चा आकडा वहीत लिहिते. आज १.९.

लायसन्सवर अजून ए पॉझिटिव्हच आहे. दादा दर महिन्याला आठवण करून देतो.