तुम्ही विचारलंत म्हणून: हप्ता किती बसतो?

लग्नात, हळदीकुंकवाला, अगदी दवाखान्यात नंबर लावून बसले तरी कोणीतरी विचारतंच, मॅडम तुम्ही बँकेत गाड्यांच्या कर्जाचं बघायचात ना, मग सांगा, स्वस्तातली छोटी फॅमिली कार आपल्याकडं चालेल का हो? टाटांची नॅनो तर बुडाली. मी सांगलीकडच्या एका सहकारी बँकेत २२ वर्षं वाहनकर्जाच्या टेबलावर काढली. गाडीतलं मला इंजिन पुढं असतं एवढंच कळतं, आणि नॅनोनं तेही खोटं पाडलं, तिचं मागं होतं. पण गाडी घ्यायला निघालेला माणूस मी भरपूर बघितलाय, त्यामुळं जे सांगते ते त्या टेबलावरनं.

१० जानेवारी २००८ ला दिल्लीच्या ऑटो एक्स्पोत रतन टाटांनी नॅनो दाखवली तेव्हा आमची अर्धी बँक कॅन्टीनच्या टीव्हीसमोर होती. स्कूटरवर पुढं पोरगं उभं, मागं बायको, तिच्या मांडीवर दुसरं, हे बघून त्यांना ही गाडी सुचलेली, आणि किंमत एक लाख. मग बंगालात सिंगूरला कारखान्याच्या जमिनीवरनं रामायण झालं, कारखाना गुजरातेत साणंदला गेला, तरी २००९ ला दोन लाखांवर बुकिंग आलं, सोडत काढून पहिले एक लाख निवडावे लागले. साणंदला वर्षाला अडीच लाख गाड्या काढायची तयारी होती आणि सगळ्यात चांगल्या वर्षात, म्हणजे २०११-१२ ला, खपल्या पाऊण लाखाच्या आसपास. २०१८ ला विषय संपला.

आमच्या भाऊजींनी घेतली होती, पिवळी. आत बसलं की खरंच ऐसपैस, भाऊजी सहा फुटी, त्यांचं डोकं टपाला लागायचं नाही. गंमत पेट्रोल पंपावर. पंपावरचा पोरगा नळी घेऊन डावीकडं, मग उजवीकडं, मग मागं, आणि भाऊजी खाली उतरून पुढचं बॉनेट उघडून दाखवायचे, टाकीचं झाकण तिथं. मागच्या रांगेतले हॉर्न वाजवायचं विसरून बघत बसायचे. आणि गावाकडनं येताना तांदळाचं पोतं आणायचं तर मागची डिकी बाहेरनं उघडतच नाही, सीट पाडायची आणि दारातनं पोतं आडवं सरकवायचं. उघडणारी डिकी २०१५ च्या नॅनोत आली, तोवर लोकांचं मन उडालेलं.

सगळे म्हणतात की ‘सगळ्यात स्वस्त’ हा शिक्काच नडला, पुढं खुद्द रतन टाटांनीही हे बोलून दाखवलं. असेल. गाडीला हार घालून गल्लीत पेढे वाटायचे आणि शेजारीण म्हणणार, स्वस्तातली ना, मग तोंड बारीक होणारच. पण मला विचाराल तर खरी गंमत हप्त्यात आहे.

एकदा एक जोडपं आलं, मिरजेजवळचं, दूधधंदा. साध्यातल्या साध्या छोट्या गाडीचं कोटेशन घेऊन आलेले, चार लाखाचं कर्ज पाहिजे होतं. मी हिशोब केला, ७ वर्षं, ९ टक्के, हप्ता साधारण ६,४०० बसतो. त्यांनी सहज विचारलं आणि त्याच्या वरची घेतली तर? पाच लाख केले, ८,००० च्या थोडं वर. कॅल्क्युलेटर त्यांच्याकडं फिरवला. दोघं आकड्याकडं बघत बसले, नवऱ्याच्या तोंडातनं शब्द नाही, आणि ती बाई म्हणाली, म्हणजे महिन्याला सोळाशे जास्त, एक म्हैस वाढवू की. सासूबाईंचे गुडघे दुखतात, बसायला उंच गाडी बरी पडते, हेही तिनंच सांगितलं. झालं, पुढच्या आठवड्यात नवं कोटेशन. अशी माणसं मी किती बघितली मोजलं नाही, पण स्वस्त गाडीचं स्वस्तपण सात वर्षांत वाटून टाकलं की एवढंसंच उरतं बघा.

आणि ज्यांच्यासाठी स्वस्त गाडी काढतात तो स्कूटरवाला? त्याला ६,४०० सुद्धा जड जातात, वर पेट्रोल, वर सर्व्हिसिंग. शिवाय शोरूमची किंमत म्हणजे गाडीची किंमत नव्हे, आपल्याकडं दहा लाखाच्या आतल्या पेट्रोल गाडीला ११ टक्के रोड टॅक्स, आणि २०१८ पासून नव्या गाडीला तीन वर्षांचा थर्ड पार्टी विमा एकदम भरायचा. टेबलासमोर बसलेल्याचा चेहरा इथंच पडायचा. म्हणजे वरचा माणूस हप्त्यावर चढून पुढं जातो आणि खालचा वर येऊ शकत नाही, स्वस्त गाडी मधल्या मधे. खालच्यातला ज्याला अगदी पाहिजेच तो जुन्या गाड्यांच्या बाजारात जातो, दोन लाखात चार-पाच वर्षं चाललेली घेतो, त्यात एसी असतो, डिकी उघडते आणि शेजारीण किंमत विचारत नाही.

मारुती ८०० चं उदाहरण हमखास देतात लोक. पण डिसेंबर १९८३ ला पहिल्या गाडीची चावी इंदिरा गांधींनी दिली तेव्हा ती ५० हजाराच्या आत असली तरी तेव्हाच्या पगारात स्वस्त कोण म्हणणार? ती नवलाईची गाडी होती, लोक नंबर लावून थांबायचे. ऑल्टोसुद्धा इतकी वर्षं खपली ती कोपऱ्यावरचा मिस्त्रीही खोलू शकतो आणि विकायला काढली की दोन दिवसांत गिऱ्हाईक मिळतं म्हणून. आणि २०२४ ला देशात सगळ्यात जास्त खपलेली गाडी कुठली, तर टाटांचीच पंच, चार मीटरच्या आत, म्हणजे छोटीच, पण दिसायला दांडगी आणि तेव्हा सहा लाखाच्या पुढं.

आता २२ सप्टेंबर २०२५ पासून छोट्या पेट्रोल गाड्यांवरचा जीएसटी २८ चा १८ टक्के झाला, वरचा सेसही गेला, मारुतीची एस-प्रेसो तेव्हा साडेतीन लाखाच्या आसपास आली, ऑल्टो पावणेचारच्या आत, मग परत हाच प्रश्न सुरू झाला. पण एक लाखाची गाडी आता विसरा, धुराच्या नव्या नियमाचं, म्हणजे बीएस सिक्सचं इंजिन आणि एअरबॅगा घालून ती होणारच नाही. तीन-साडेतीनची चालेल का? चालेल, पण स्कूटरवाला घेईल म्हणून नाही. जुनी घेणारा नवीनकडं वळला तर चालेल, कारण जुन्या गाडीच्या कर्जाला व्याज जास्त आणि मुदत कमी, सात वर्षं कोणी सहसा देत नाही, त्यामुळं अडीच लाखाची जुनी आणि साडेतीनची नवी यांचा हप्ता जवळजवळ सारखाच येतो. हे शोरूमवाले सांगत नाहीत, का ते त्यांनाच माहीत. मी टेबलावर असते तर दोन्ही आकडे शेजारी शेजारी लिहून दिले असते.

रोखीनं घेणारे वेगळे, रिटायर झालेले मास्तर वगैरे, ते हप्ता बघत नाहीत, बँकेत ठेव किती उरते ते बघतात. आमचे भाऊजी त्यातलेच. पिवळी नॅनो अजून दारात आहे, बाजारात जाऊन येतात, पंपावर अजून स्वतः उतरतात.