मामा तलावावरची एक सकाळ

गोंदिया जिल्ह्यातील नवेगावबांधचा विस्तीर्ण तलाव पाहून बहुतेक पर्यटक परततात. मी मात्र जुलैच्या पहिल्या आठवड्यात त्याच परिसरातील एका खेड्यात, लहानशा मामा तलावावर, गरी घेऊन गेलो होतो. मामा म्हणजे माजी मालगुजारी, म्हणजे पूर्वी सारा वसूल करणाऱ्या मालगुजार जमीनदारांच्या ताब्यातले. भातशेतीला पाणी मिळावे म्हणून या भागातील कोहळी समाजाने काही शतकांपूर्वी असे तलाव बांधले आणि १९५० च्या कायद्याने मालगुजारी संपल्यावर ते सरकारकडे आले. तेथे मासेमारी करीत आले ते ढीवर. माझ्यासोबतही गावातील एक वयोवृद्ध ढीवर काका होते.

पाळीखाली बसून गांडूळ लावलेली गरी टाकली. तासाभराने थर्माकोलचा तुकडा दोनदा थरथरला आणि एकदम खाली गेला. वर आली ती शिंगी: वीतभर लांब, काळपट तांबूस, तोंडाभोवती मिशा. मी हात पुढे करताच काकांनी मनगट धरले. शिंगीच्या कल्ल्यांमागील दोन काट्यांत विष असते आणि ते टोचले तर हात ठणकत राहतो. त्यांनी ओला दुपट्टा टाकून तिचे डोके दाबले, चिमट्याने दोन्ही काटे मोडले आणि मगच गरी सोडवली.

थोड्या वेळाने कमळांच्या पानांजवळ पाणी लालसर दिसू लागले आणि तो लाल डाग सरकूही लागला.

"तिकडं गरी नको टाकू, बाबू. मरळीचे पिल्ले हायेत."

तो लाल डाग म्हणजे मरळ माशाच्या पिल्लांचा थवा. मरळीचे नर-मादी या थव्याखाली राहून पिल्लांची राखण करतात आणि जवळ येणाऱ्या कशावरही झडप घालतात, त्यामुळे याच दिवसांत ती सहज गरीला लागते. ती गेली की पिल्ले इतर माशांच्या तोंडी जातात. रोहू-कतला साचलेल्या पाण्यात अंडी घालत नाहीत, त्यांचे बीज विकत आणून सोडावे लागते. मरळ मात्र तलावातच वाढते, फक्त तिला काठाची पाणवनस्पती हवी. तीच जागा बेशरम नावाच्या झुडपांनी व्यापली होती. गावकऱ्यांनी ती झुडपे मुळासकट उपटून तेथे देवधान, म्हणजे पाण्यात वाढणारे रानभात, लावले आहे, आणि मला हे काम बीज सोडण्याहून मोलाचे वाटते.

आम्ही उठलो तेव्हा गरी घेऊन एक मुलगा आमच्या जागेकडे येत होता. काकांनी कमळांकडे बोट दाखवले आणि त्याला पलीकडच्या काठावर पाठवले.