सरकारी जीपनं मनगट मोडलं, मग भरपाई कशी मिळाली (माझा अनुभव)

माझं टिफिनचं काम आहे, इंदूरला सुदामा नगरात, घरूनच. भंवरकुआंकडे कोचिंगसाठी आलेली मुलं राहतात ना, त्यांचे डबे. जुलै 2022 मधे 32 डबे चालू होते, सकाळ-संध्याकाळ. पाऊस नुकताच थांबला होता, मी अ‍ॅक्टिवावर मागं पिशवी बांधून फूटी कोठीच्या बाजूनं निघाले आणि पुढच्या सरकारी जीपनं इंडिकेटर न देता एकदम यू टर्न घेतला. कोणत्या खात्याची ते लिहीत नाही, नंबर एमपी 02 वाला होता एवढंच, आमच्याकडे शासनाच्या गाड्यांना तोच असतो. मी उजव्या हातावर पडले. मला हाताचं काही कळलंच नाही आधी, रस्त्यावर वरण सांडलेलं दिसत होतं आणि मी कोणाचा डबा फुटला तेच बघत बसले.

ड्रायव्हर वाईट माणूस नव्हता हे आधीच सांगते. उतरला, पाणी दिलं, त्याच जीपमधे बसवून दवाखान्यात पण त्यानंच नेलं. आणि तिथं काउंटरवर विचारलं काय झालं तर म्हणाला, "गाड़ी फिसल गई मैडम की." मी कळवळत होते, मधे बोलायची शुद्ध कुठली. एमएलसीच्या (दवाखान्यात पोलिसांसाठी करतात ती अपघाताची नोंद) कागदावर लिहिलं गेलं, गाड़ी फिसलने से. पुढची अडीच वर्षं हे तीन शब्द आमच्या मानगुटीवर बसले होते.

संध्याकाळी ह्यांनी तो कागद वाचला आणि डोक्याला हात लावला. दुसऱ्या दिवशी पोलीस थाण्यात लेखी अर्ज दिला, टीआय साहेब, म्हणजे थाण्याचे मुख्य अधिकारी, म्हणाले समझौता करून घ्या, तिकडून दहा हजार देतो म्हणून निरोपही आला. एफआयआर तिसऱ्या दिवशी झाली, तीही चहाच्या गुमटीवाल्यानं (टपरीवाल्यानं) साक्ष द्यायची तयारी दाखवली म्हणून. आधी भादंवि 279 आणि 337 लावली, एक्सरेत मनगटाजवळचं हाड मोडलेलं दिसल्यावर 338 वाढवली, कारण हाड मोडलं की कायद्यात ती गंभीर दुखापत. तेव्हा जुनीच दंडसंहिता होती, आता बीएनएस (भारतीय न्याय संहिता) आलीय, कलमांचे नंबर बदललेत. समोरच्या दुकानाच्या कॅमेऱ्यात सगळं आलं असणार पण आम्ही मागायला गेलो तेव्हा पंधरा दिवस होऊन गेले होते आणि रेकॉर्डिंगवर नवं रेकॉर्डिंग चढलेलं. हे मात्र आमचंच चुकलं, पहिल्याच दिवशी जायला हवं होतं.

प्लेट बसवली, स्क्रू बसवले, फिजियो झाली. चार महिने एक डबा केला नाही. नंतर पोळपाटापुढे बसले तर मनगट वळेचना, लाटणं धरता येतं पण दाबून फिरवता येत नाही, पोळी एका बाजूला जाड राहते. सहा-सात पोळ्या झाल्या की कळ थेट कोपरापर्यंत. आणि माझ्या धंद्यात दिवसाला अडीचशे पोळ्या.

आमचे नाना, म्हणजे सासरे, सरकारी ऑफिसातून बाबू म्हणून रिटायर झालेले. ते आधी केसच्या विरुद्ध. म्हणे, "सूनबाई, सरकारवर केस करून कोणाचं भलं झालंय?" आणि ओळखीच्या पहिल्या वकिलांनी तर सांगितलं की शासनावर दावा लावायचा तर सीपीसी (दिवाणी प्रक्रिया संहिता) कलम 80 ची दोन महिन्यांची नोटीस आधी द्यावी लागते, म्हणून आम्ही सप्टेंबरमधे नोटीस देऊन निवांत बसलो. नोव्हेंबरमधे माझ्या एका गिऱ्हाईक मुलाच्या मामांनी, तेही वकील, सगळं ऐकलं आणि म्हणाले, ताई, ही नोटीस दिवाणी दाव्याला, तुमचं प्रकरण मोटर अपघात दावा अधिकरणात जाणार, मोटर वाहन कायद्याच्या कलम 166 चा अर्ज, त्याला ती लागत नाही, आणि 1 एप्रिल 2022 पासून तो अर्ज सहा महिन्यांत टाकायचा असा नियम झालाय, तुमच्याकडे जानेवारीपर्यंतच वेळ आहे. मला घामच फुटला. डिसेंबरमधे अर्ज लागला. तुम्ही राहता तिथल्या अधिकरणातही हा अर्ज टाकता येतो, अपघात कुठंही झालेला असू दे, आमचं तर दोन्ही इंदूरच.

सरकारवर केस होत नाही असं सगळ्यांच्याच मनात असतं, म्हणून मामांनी सांगितलेले दोन निकाल लिहिते. एक 1962 चा, विद्यावती. उदयपूरला कलेक्टरची जीप दुरुस्ती करून परत आणताना ड्रायव्हरनं पायी चाललेल्या माणसाला उडवलं, तो वारला. राजस्थान सरकार म्हणालं आम्ही जबाबदार नाही, सुप्रीम कोर्ट म्हणालं इतर कोणत्याही मालकासारखंच तुम्ही पण नोकराच्या चुकीला जबाबदार. दुसरा कस्तुरीलालचा, 1964 चा. मेरठला पोलिसांनी एका व्यापाऱ्याचं सोनं जप्त केलं, मालखान्यातून ते घेऊन हेड कॉन्स्टेबल थेट पाकिस्तानात पळाला, आणि तिथं कोर्टानं उलट सांगितलं, जप्ती हे राज्याचं सार्वभौम काम, भरपाई नाही. म्हणजे सोनं गेलं ते गेलंच. पण जीपचं गणित विद्यावतीवालं, असं ते म्हणाले.

खात्याचं उत्तर आलं ते वाचून मी ह्यांना दोनदा वाचायला लावलं. परिच्छेद 4 मधे लिहिलं की गाडी शासकीय कर्तव्यावर होती म्हणून शासन जबाबदार नाही, आणि परिच्छेद 7 मधे की ड्रायव्हरनं गाडी परवानगीशिवाय नेली म्हणून शासन जबाबदार नाही. शिवाय अर्जदार स्वतःच घसरून पडली (एमएलसी पाहावी), आणि हेल्मेट नव्हतं. हेल्मेट खरंच नव्हतं, खोटं कशाला बोलू, घरापासून दोन किलोमीटर म्हणून घातलं नव्हतं.

इथं नाना पेटले. परवानगीशिवाय म्हणजे काय, लॉगबुक मागा लॉगबुक, लॉगबुक भरल्याशिवाय पेट्रोलचं बिल पास होत नाही! स्वतः बसून आरटीआयचा अर्ज लिहिला, चाळीस वर्षांची मुरलेली ऑफिसची हिंदी, "प्रमाणित प्रतिलिपि प्रदाय करने का कष्ट करें", दहा रुपये फी भरली. तीस दिवसांत उत्तर द्यायचं असतं, आलं नाही, मग पहिलं अपील केलं आणि त्यानंतर तीन पानांची झेरॉक्स आली. त्या तारखेची ओळ: निघाल्याचं रीडिंग, परतल्याचं रीडिंग, शेवटी "स्टेशन ड्यूटी", आणि शेवटच्या रकान्यात साहेबाची सही. जीप साहेबाच्या पाहुण्यांना स्टेशनवर सोडून येत होती. परवानगीशिवाय नव्हे, सहीनिशी. नानांनी त्या झेरॉक्सवर हात फिरवला, अगदी नातवाच्या मार्कशीटवर फिरवावा तसा.

कोर्टात माझी उलटतपासणी झाली. आमच्याकडे तारखेला पेशी म्हणतात, त्या किती झाल्या मोजल्या नाहीत. खात्याचे वकील हसतमुख, पहिलाच प्रश्न, तुम्ही गृहिणी आहात ना, मग कमाई कशाची? मी टिफिनच्या वह्या दिल्या होत्या, पाच. रोज एक ओळ, समोर टिक, महिन्याच्या शेवटी पैसे, कोणी सुट्टीवर गेलं तर "गावी". ते पानं उलटत म्हणाले, यावर तुमची सही कुठंय? मी म्हटलं, घरच्या वहीवर कोण सही करतं? जज साहेबांनी वही मागून घेतली आणि एक पान बराच वेळ बघितलं, त्याच्यावर हळदीचा डाग होता. मग वकिलांनी समोरचा पाण्याचा ग्लास दाखवला, हा उचला. मी उजव्या हातानं उचलला. म्हणाले, बघा, उचलला. मला रडूच आलं. आमच्या वकिलांनी शांतपणे विचारलं, आता वळवा. तळहात वर करायला गेले तर ग्लास कलंडला आणि पाणी फाईलवर.

अपंगत्वाचं समजून घ्या, कारण तिथंच लोकांचे पैसे जातात. जिल्ह्याच्या मेडिकल बोर्डानं 30 टक्के लिहिलं, पण ते हाताचे, अख्ख्या शरीराचे नाहीत. आणि कमाई किती टक्के कमी झाली हा तिसराच आकडा. राजकुमार विरुद्ध अजयकुमार म्हणून सुप्रीम कोर्टाचा निकाल आहे, त्यात उदाहरणच दिलंय की हात गेला तर सुताराची किंवा ड्रायव्हरची जवळजवळ सगळीच कमाई जाईल, सरकारी क्लार्कची कदाचित काहीच नाही. म्हणून तुम्ही हातानं नेमकं काय करता ते पुराव्यात यायला हवं, नुसतं सर्टिफिकेट लावून भागत नाही, डॉक्टरला साक्षीला आणावं लागतं. आमचे डॉक्टर तीन पेशी आले नाहीत, समन्स गेलं तेव्हा आले.

फेब्रुवारी 2025 मधे निकाल. गुमटीवाल्याची साक्ष आणि लॉगबुक धरून जीपची चूक मानली, एमएलसीतली ओळ ड्रायव्हरनं सांगितलेली म्हणून तिला फार किंमत दिली नाही, हेल्मेटचं म्हणणं फेटाळलं कारण मार डोक्याला नव्हताच. मी महिन्याची कमाई 18 हजार म्हटली होती, कोर्टानं 10 हजार धरली. वाईट वाटलं, पण वह्या नसत्या तर मजुरीच्या रेटनंच धरली असती. त्यात पुढच्या वाढीचे 25 टक्के, वय 43 म्हणून गुणक 14 (वर्षाची कमाई ज्यानं गुणतात तो आकडा, वयावरून ठरतो), कमाईचं नुकसान 20 टक्के, ते झाले 4 लाख 20 हजार. दवाखान्याचे 86 हजार, चार महिन्यांच्या बुडालेल्या कामाचे 40 हजार, वेदनेचे 50, मदतनीस आणि खुराकाचे 20. एकूण 6 लाख 16 हजार, अर्ज टाकल्यापासून 6 टक्के व्याज. वेदनेचे 50 हजार कसे ठरवतात ते मला अजून कळलं नाही.

निकाल लागला म्हणजे पैसे आले असं नाही. सरकारी गाडीला मोटर वाहन कायद्याच्या कलम 146 मधे विम्यातून सूट असते, ह्या जीपचा विमा नव्हताच, त्यामुळे चेक फाडणारी विमा कंपनी मधे कोणी नाही. अपिलाचे 90 दिवस गेले, अपील नाही आणि पैसेही नाहीत. चौकशीला गेलं की बजेट आलं नाही, फाईल भोपाळला आहे. असे पैसे महसुलाच्या थकबाकीसारखे वसूल करायला अधिकरण कलेक्टरला सर्टिफिकेट देऊ शकतं, म्हणजे द्यायचे सरकारनं आणि वसूल करायचे पण सरकारनंच, नाना ते वाचून पोट धरून हसले. शेवटी वसुलीचा अर्ज लावला, ऑफिसातली गाडी आणि कॉम्प्युटर कुर्क (जप्त) करायची नोटीस गेली, आणि जी फाईल भोपाळला होती ती तीन आठवड्यांत पास होऊन आली! सप्टेंबर 2025 मधे रक्कम अधिकरणात जमा झाली. त्यातले 2 लाख एफडीत ठेवायचा आदेश, बाकी खात्यात. व्याज लाखाच्या वर गेलं होतं, त्यावर तेव्हाच्या नियमानं टीडीएस कापला, पॅन आधीच दिलेला नसता तर दुप्पट कापला असता.

शेवटच्या दिवशी ड्रायव्हर कोर्टाच्या पायऱ्यांवर भेटला. विचारलं, "दीदी, मेरी तनख्वाह से तो नहीं काटेंगे ना?" मी काय सांगणार. त्यानंच पाणी दिलं होतं, आणि ती ओळ पण त्यानंच लिहवली होती. म्हटलं, मुझे नहीं मालूम भैया.

आता 14 डबे करते, पोळ्यांना एक बाई येते. त्या पाच वह्या मात्र अजून कोर्टाच्या रेकॉर्डला आहेत, ओरिजिनल द्यावी लागते ना. परत मिळायचा अर्ज दिलाय, बाबू म्हणाला पुढच्या आठवड्यात बघू. 2021 च्या वहीत मागच्या पानावर सासूबाईंनी सांगितलेलं पुरणपोळीचं प्रमाण लिहिलेलं आहे, पन्नास माणसांचं, ते दुसरीकडे कुठं उतरवून घेतलेलं नाही.