डॉमिनिकाला जाण्यापूर्वी: औषधे, कागदपत्रे आणि एक खरचटलेली नडगी

जुलै २०२३ मध्ये रोसोच्या विंडसर पार्कवरील भारत-वेस्ट इंडिज कसोटी सामना पाहण्यासाठी मी सत्तरीच्या वडिलांना घेऊन डॉमिनिका या छोट्या कॅरिबियन बेटावर गेलो होतो. मुंबईच्या यशस्वी जयस्वालने पदार्पणातच १७१ धावा केल्या, सामना तीन दिवसांत आटोपला आणि उरलेले दोन दिवस आम्ही डोंगर-नद्यांत घालवले.

सर्वांत अवघड निर्णय निघण्यापूर्वीच घ्यावा लागला. पुढचा सामना त्रिनिदादला होता, आणि तिथून भारतात परतणाऱ्याकडे पीतज्वराच्या (यलो फीव्हर) लसीचे प्रमाणपत्र नसेल तर त्याला विलगीकरणात ठेवले जाऊ शकते. लस प्रवासापूर्वी किमान दहा दिवस घ्यावी लागते. परंतु साठी उलटलेल्यांना तिच्या दुष्परिणामांचा धोका अधिक असल्याने आमच्या डॉक्टरांनी नको म्हटले. वडील दोन दिवस माझ्याशी धड बोलले नाहीत, पण त्रिनिदाद वगळून आम्ही बार्बाडोसमार्गे परतलो.

वडिलांचे इन्सुलिन हातातल्या बॅगेतच ठेवले, कारण विमानाच्या सामानकक्षात ते गोठू शकते आणि एकदा गोठलेले इन्सुलिन निकामी होते. बरोबर मुक्कामापेक्षा आठवडाभर पुरतील इतक्या जास्त गोळ्या आणि औषधांची मूळ (जेनेरिक) नावे लिहिलेली चिठ्ठी असावी. आपल्याकडची कंपन्यांची नावे तिथे ओळखीची नसतात.

ट्रफाल्गर धबधब्याजवळच्या ओल्या खडकांवरून वडील घसरले आणि त्यांची नडगी चांगली वीतभर खरचटली. दवाखान्यातील परिचारिकेने जखम पाहण्याआधीच विचारले, ‘पाण्यात उतरला होतात का?’ जखम घेऊन गोड्या पाण्यात उतरल्यास लेप्टोचा (लेप्टोस्पायरोसिस, प्राण्यांच्या मूत्राने दूषित पाण्यातून होणारा आजार) धोका असतो, हे मुंबईचा पावसाळा पाहिलेल्या आम्हाला सुचायला हवे होते! धनुर्वाताची लस निघण्यापूर्वीच घेतलेली होती, त्यामुळे जखम धुऊन पट्टी बांधण्यावर भागले.

हिवताप या बेटावर नाही. डेंग्यू मात्र आहे, आणि त्याचा डास दिवसाही चावतो. डेंग्यूत ॲस्पिरिन किंवा आयब्युप्रोफेनने रक्तस्रावाचा धोका वाढतो, म्हणून ताप आल्यास डेंग्यू नाही असे ठरेपर्यंत ती न घेता पॅरासिटामॉलच घ्यावे. उत्तरेकडील किनाऱ्यांवर मँचिनील नावाचे झाड आढळते. त्याचे फळ तोंडात घालू नये, आणि पावसात त्याच्याखाली उभेही राहू नये, कारण पानांवरून निथळणाऱ्या पाण्यानेही त्वचेवर फोड येतात.

विम्याच्या बाबतीत काटकसर करू नये. गंभीर रुग्णाला बेटाबाहेर, अनेकदा मार्टिनिक किंवा ग्वादलूपला न्यावे लागते. त्यामुळे विम्यात हवाई रुग्णवाहिकेचा खर्च स्पष्ट लिहिलेला आहे ना, हे पाहावे. ही दोन्ही बेटे फ्रान्सची असली तरी युरोपातील बहुतेक देशांसाठी चालणारा साधा शेंगेन व्हिसा तिथे चालत नाही. डॉमिनिकातील तातडीचा क्रमांक ९९९ आहे.

परतल्यावर महिनाभरात ताप आला, तर डॉक्टरांना आधी प्रवासाचे आणि नदीचे सांगावे. वडिलांना तिसऱ्या आठवड्यात कणकण आली तेव्हा त्यांनी फक्त सामन्याचे वर्णन केले. नडगीचे मला सांगावे लागले.