सड्याची चित्रं: क्षितिज कॅनव्हासबाहेर गेलं

मागची नोंद लिहिली तेव्हा सड्याच्या मालिकेतली चित्रं निसर्गचित्रंच होती. खाली जांभ्याचा काळपट तांबूस पट्टा, वर आभाळ, मधे एक रेघ. आता ३० बाय ४० इंचांच्या उभ्या कॅनव्हासवर ती रेघ उरलेली नाही. ती कशी गेली आणि तिच्या जाण्याचा माझ्या रोज ध्यानाला बसण्याशी काय संबंध आहे, ते यावेळी लिहिते. जांभ्यापासून घरी रंग करायला घेतलाय, त्याबद्दलही सांगायचंय आणि विचारायचंय.

रत्नागिरी-राजापूरकडचा सडा ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात: जांभ्या दगडाचं सपाट, उघडं पठार. मे महिन्यात अनवाणी पाय ठेवता येत नाही. पाऊस स्थिरावला की त्याच कातळावर, खाचाखळग्यांत साठलेल्या बोटभर मातीत गेंद आणि सीतेची आसवं फुलतात आणि श्रावण-भाद्रपदात नजर जाईल तिथवर जांभळा-पांढरा गालिचा असतो. अमूर्ताकडे जाऊ पाहणाऱ्याचं अर्धं काम सड्याने आधीच करून ठेवलेलं असतं. दोन पृष्ठभाग आणि त्यांच्यामधली कडा, एवढंच समोर. देवीहसोळला आर्यादुर्गेच्या देवळाजवळ याच कातळात कुणीतरी फार पूर्वी चौकोन आखून त्यात रेषांची, वळणांची नक्षी खोदून ठेवली आहे. ती पहिल्यांदा पाहिली तेव्हा वाटलं, इथे उभं राहून वेगळं काय सुचणार!

आता प्रतीकांविषयी. अध्यात्म आणि चित्र हे दोन शब्द एकत्र आले की लगेच तक्ते पुढे येतात: निळा म्हणजे शांती, डोंगर म्हणजे स्थैर्य, वाट म्हणजे साधना. मला हे अजिबात पटत नाही. असं ठरवून ठेवलेलं चिन्ह चित्रात आणून ठेवलं की चित्र तिथेच संपतं, बघणाऱ्याला करायला काही उरत नाही. चित्रकार सय्यद हैदर रझांचा बिंदू आपल्याला भिडतो तो तक्त्यातला आहे म्हणून नव्हे. १९५०मध्ये ते फ्रान्सला गेले, तिथली गावं, घरं, जमीन रंगवत राहिले, सत्तरच्या दशकात ती जमीन नुसत्या रंगांच्या उसळीत विरघळली आणि १९८०च्या सुमाराला तो काळा बिंदू मध्यभागी येऊन बसला. लहानपणी मध्य प्रदेशातल्या शाळेत मास्तरांनी चंचल मुलाला भिंतीवरच्या ठिपक्याकडे बघत बसायला सांगितलं होतं, ही गोष्ट ते स्वतः सांगत. ठिपका तेव्हापासून होता. तो चित्रात येण्याआधी मधलं सगळं निसर्गचित्र रंगवून व्हावं लागलं.

चित्रकार अकबर पदमसींच्या ‘मेटास्केप’ मालिकेचंही मला असंच वाटतं. शाकुंतलाच्या नांदीत शिवाच्या आठ मूर्ती नाव न घेता सांगितल्या आहेत; सूर्य आणि चंद्र तिथे ‘काळ घडवणारे दोघे’ म्हणून येतात. पदमसींना ती कल्पना सापडली आणि त्यांनी एकाच चित्रात सूर्य-चंद्र दोन्ही आणले. खाली जमीन, पाणी, डोंगर आहेत, पण त्यांना गाव नाही, वेळ नाही. दिवस की रात्र हा प्रश्नच त्या चित्रात पडत नाही.

पण माझं खरं शिक्षण चाललंय ते चित्रकार गायतोंडे यांच्या चित्रांकडून. वासुदेव गायतोंडे, जन्म १९२४, नागपूर, घराणं मूळ गोव्याचं, मुंबईच्या जे. जे. कलाशाळेतून १९४८ साली डिप्लोमा. झेन वाचलेलं, रमण महर्षी आणि खेतवाडीतले निसर्गदत्त महाराज जवळचे. ते आपल्या चित्रांना अमूर्त म्हणवून घेत नसत, ‘नॉन-ऑब्जेक्टिव्ह’ म्हणत. त्यामुळे त्यांच्या चित्राला निसर्गचित्र म्हणणं त्यांना रुचलं नसतं, हे मला मान्य आहे. तरीही त्यांच्या उभ्या कॅनव्हाससमोर पाच मिनिटं थांबा: आडवे धूसर पट्टे दिसायला लागतात, आणि समुद्र म्हणावा की धुकं म्हणावं अशी एक खोली उघडते. ते रोलरने रंग पसरत, पॅलेट नाइफने खरवडत, कागदाचे तुकडे ओल्या रंगावर दाबून तो रंग उचलून घेत. वर्षाला मोजकी पाच-सहा चित्रं. बाकीचा वेळ बघत बसणं, आणि ते बसणंसुद्धा चित्रकामच.

रंग लावण्याइतकाच तो उचलण्यावर भर, हे मी त्यांच्याकडून घेतलं. माझी सध्याची पद्धत अशी: जेसोवर (कॅनव्हासवरच्या पांढऱ्या अस्तरावर) पातळ तांबूस बर्न्ट सिएना, तो वाळला की रोलरने पिवळा यलो ऑकर आणि थोडा निळसर राखाडी पेन्स ग्रे, त्यात रंग उशिरा सुकवणारं रिटार्डर, कारण आपल्या हवेत उन्हाळ्यात अ‍ॅक्रिलिक हातातल्या हातात सुकतं. मग वर्तमानपत्राचा फाडलेला तुकडा (कातरलेला नको, कडा कठोर येते) दाबायचा, हाताच्या कडेने एकदा घासायचा आणि एका झटक्यात उचलायचा. खालचा सिएना सच्छिद्र होऊन वर येतो, हुबेहूब जांभ्यासारखा. ब्रशने ती छिद्रं काढायला गेलात तर नक्षीकाम होतं. एक ध्यानात ठेवा: अ‍ॅक्रिलिकचं बाइंडर (रंगाची पूड धरून ठेवणारा चिकट द्रव) ओलं असताना दुधाळ असतं, वाळल्यावर पारदर्शक होतं, म्हणून रंग सुकल्यावर एक छटा गडद दिसतो. किती उचलायचं हा निर्णय तो फरक धरूनच घ्यावा लागतो.

क्षितिजाचं असं झालं. सकाळी बसते तेव्हा सुरुवातीला ‘आत’ आणि ‘बाहेर’ अशी एक कडा स्पष्ट जाणवते. श्वास आत, शेजारचा पाण्याचा पंप बाहेर. नेटाने बसलं की कधीतरी पंपाचा आवाज कुठे चाललाय हे सांगता येत नाही. आवाज असतो, त्रास नसतो. हे घडवून आणता येत नाही, पण घडतं. त्याच काळात कॅनव्हासवर मी रेघ वर-वर सरकवत होते. आधी मधोमध, मग वरच्या पावात, मग वरच्या कडेला लागून एक राखाडी दोरा. तो दोरा कितीतरी दिवस तसाच ठेवला होता. तो पुसला तर हे निसर्गचित्र राहणार नाही, अशी भीती होती. शेवटी ओल्या ग्लेझवर (रंगाच्या पातळ पारदर्शक थरावर) कागद दाबून उचलला आणि दोरा कागदाबरोबर निघून आला. आभाळ गेलं. चित्रात फक्त पायाखालची जमीन राहिली.

आणि मग आभाळ खाली सापडलं. सड्यावर पाऊस थांबला की कातळाच्या खळग्यांत पाणी राहतं, त्यात ढग दिसतात, हे लहानपणापासून पाहत आले आहे. चित्रात क्षितिज असेपर्यंत मला ते कधी रंगवावंसं वाटलं नव्हतं. आता उजवीकडे खाली तळहाताएवढी एक जागा आहे, तिथे टायटॅनियमऐवजी झिंक व्हाइट वापरलाय. टायटॅनियम सगळं झाकून टाकतो. झिंक पातळ लावला की खालचा तांबूस झिरपत राहतो. पाणी आहे की नुसता उजेड, ते मी ठरवलेलं नाही. माझ्या दृष्टीने प्रतीक असलंच तर ते त्या एवढ्याशा जागेत आहे, आणि ते मी तिथे नेऊन ठेवलेलं नाही.

आता जांभ्यापासून घरी केलेल्या रंगाच्या पुडीचं. जांभ्याचा लाल म्हणजे लोहाचे ऑक्साइड, आणि ट्यूबमधला सिएना, ऑकरही मुळात तेच. मग सड्याचं चित्र सड्याच्याच रंगाने का नको? घराच्या चिऱ्यांचे (बांधकामाच्या जांभ्या दगडांचे) तुटके तुकडे खलबत्त्यात कुटले (नाकाला मास्क बांधा, धूळ फार बारीक असते). पूड पाण्यात ढवळायची, जड वाळू लगेच तळाशी बसते, वरचं गढूळ पाणी दुसऱ्या भांड्यात ओतायचं आणि रात्रभर ठेवायचं. सकाळी तळाशी जो गाळ बसतो तो रंग. हे दोन-तीनदा केलं की बोटांत चोळल्यावर खर लागत नाही. वाळल्यावर रंग पिवळट तपकिरी आला, मला थोडा फिका वाटला. म्हणून अर्धी पूड जुन्या लोखंडी कढईत मोठ्या आचेवर परतली.

हे मात्र प्रत्येकाने एकदा करून बघावं. आधी काहीच होत नाही. मग कडेने काळसर, मग हळूहळू सबंध पूड विटेच्या लालाकडे वळते, आणि गॅस बंद केल्यावरही ती परत पिवळी होत नाही. पिवळ्या खनिजात पाणी बांधलेलं असतं, तापवल्यावर ते निघून जातं आणि लाल उरतो. रॉ सिएनाचा बर्न्ट सिएना होतो तो याच रीतीने. वरून काहीही घातलं नव्हतं, फक्त काहीतरी निघून गेलं होतं. तप या शब्दाशी माझी ओळख कीर्तनातली आणि पोथीतली. त्या दिवशी हातात सराटा धरून मी ते होताना पाहिलं, आणि त्या पुडीबद्दल मला जे वाटतं ते आदर याच शब्दात सांगता येईल.

दोन्ही पुडी आता काचेच्या बरण्यांत आहेत. न भाजलेली मॅट मीडियममध्ये (चमक नसलेल्या अ‍ॅक्रिलिक बाइंडरमध्ये) घोटून चित्राच्या डाव्या भागात लावली आहे. भाजलेली खळग्याच्या कडेला लावायची आहे, बहुधा या आठवड्यात. अडचण एवढीच की लावलेला भाग वाळल्यावर बोट फिरवलं तर किंचित रंग हाताला लागतो, म्हणजे बाइंडर कमी पडतंय. मीडियम वाढवलं तर जांभ्याचा कोरडेपणा जातो आणि प्लॅस्टिकसारखी चमक येते. पूड आधी पाण्यात भिजवून मग घोटायची, की वरून पातळ मॅट वार्निश फवारायचं, यावर माझं अजून ठरत नाहीये. गेरू किंवा स्थानिक मातीचे रंग कुणी कॅनव्हासवर वापरले असतील तर प्रमाण जरूर कळवा. डिंकात घोटलेले कागदावर टिकतात हे पाहिलंय, पण कॅनव्हास गुंडाळताना डिंकाला तडे जातात, म्हणून तो पर्याय सध्या बाजूला ठेवलाय.