चौथ्या दिवशीचा सूर्य

‘देवाने पहिल्या दिवशी प्रकाश केला आणि सूर्य चौथ्या दिवशी. मग पहिले तीन दिवस मोजले कशावरून?’ आठवीत धर्मशिक्षणाच्या तासाला बायबलच्या पहिल्या पुस्तकाबद्दल, म्हणजे ‘उत्पत्ती’बद्दल, मी हे विचारलं, तेव्हा वर्गात कुजबुज सुरू झाली. ख्रिस्ती नसलेली मुलं त्या वेळी शेजारच्या वर्गात नीतिशिक्षणाला बसायची, तिथेही ती ऐकू गेली असावी. फादर मात्र खूश झाले. हाच प्रश्न तिसऱ्या शतकात ऑरिजेन नावाच्या मोठ्या ख्रिस्ती पंडिताने विचारला होता, हे त्यांनी सांगितलं आणि ते फळ्याकडे वळले.

मधोमध एक उभी रेघ. डावीकडे पहिले तीन दिवस: प्रकाश आणि अंधार, आकाश आणि पाणी, कोरडी जमीन. उजवीकडे पुढचे तीन: सूर्य-चंद्र-तारे, पक्षी आणि मासे, पशू आणि माणूस. मग म्हणाले, आता आडवं वाचा. आम्ही वाचलं. आधी जागा तयार होते, मग त्या जागेत राहणारे येतात. पहिल्याची जोडी चौथ्याशी, दुसऱ्याची पाचव्याशी, तिसऱ्याची सहाव्याशी. ही रोजनिशी नव्हे, रचलेलं स्तोत्र आहे, हे समजावून सांगायची गरजच उरली नाही. आसपासचे लोक सूर्याला देव मानत असताना उत्पत्तीच्या लेखकाने त्याला चौथ्या दिवसापर्यंत थांबवून ठेवलं, हेही त्यांनीच दाखवलं. त्याला सांगायचं होतं की सूर्यसुद्धा कोणीतरी घडवलेला आहे.

त्याच वर्षी आमच्या विज्ञानाच्या बाई उत्क्रांतीबद्दल भरभरून बोलायच्या. वाटाण्याची रोपं वाढवून आनुवंशिकतेचे नियम शोधणारा मेंडेल आजच्या चेक प्रजासत्ताकातल्या ब्रनो शहरातल्या मठातला ऑगस्टिनियन संन्यासी होता, हे बाईंनीच आम्हाला सांगितलं. दोन तासांच्या मधे फक्त एक घंटा होती. एका वर्गात शिकलेलं दुसऱ्या वर्गाच्या दाराबाहेर ठेवा, असं आम्हाला कुणी कधी सांगितलं नाही.

संत ऑगस्टीनने पाचव्या शतकाच्या सुरुवातीला उत्पत्तीवर भाष्य लिहिताना सक्त ताकीद दिली होती. आकाश आणि तारे यांविषयी अविश्वासी माणसालाही पक्की माहिती असते. त्याच विषयावर ख्रिस्ती माणूस पवित्र शास्त्राचा, म्हणजे बायबलचा, आधार देऊन भलतंच बोलू लागला, तर ऐकणारा मृतांच्या पुनरुत्थानाच्या बाबतीत त्याच्यावर विश्वास का ठेवील? गॅलिलिओवर 1633 मध्ये खटला चालवणाऱ्यांना ही ताकीद आठवली नाही. त्या प्रकरणात चूक झाली, हे पोप दुसऱ्या जॉन पॉल यांनी जाहीरपणे मान्य केलं ते 1992 मध्ये. फादरांनी हा इतिहास आमच्यापासून लपवला नाही, म्हणून त्यांच्या बाकीच्या बोलण्यावर माझा विश्वास बसला.

पुढे मी भौतिकशास्त्र शिकलो आणि शिकवूही लागलो. तिथे मला जॉर्ज लमेत्र भेटले. पहिल्या महायुद्धात तोफखान्यात लढलेला बेल्जियन तरुण, 1923 मध्ये धर्मगुरू झाला आणि त्यानंतर केंब्रिजला खगोलशास्त्रज्ञ एडिंग्टन यांच्याकडे शिकायला गेला. 1927 मध्ये त्यांनी आइन्स्टाइनच्या समीकरणांतून प्रसरण पावणारं विश्व मांडलं आणि दीर्घिका, म्हणजे ताऱ्यांचे प्रचंड समूह, दूर जाण्याच्या वेगाशी त्याची सांगड घातली. तुमचं गणित बरोबर आहे, पण त्यातलं भौतिकशास्त्र पटत नाही, असं आइन्स्टाइन त्यांना म्हणाले होते. 1931 मध्ये लमेत्र यांनी आणखी पुढचं पाऊल टाकलं: सारं विश्व एका आदिम अणूपासून सुरू झालं असावं. याच कल्पनेतून पुढे महास्फोटाचा सिद्धांत आला.

नोव्हेंबर 1951 मध्ये पोप बारावे पायस यांनी आपल्या भाषणात, ‘प्रकाश होवो’ या आज्ञेच्या क्षणाची साक्षच जणू विज्ञान देत आहे, असा सूर लावला. दुसरा कुणी धर्मगुरू हरखून गेला असता. लमेत्र अस्वस्थ झाले. आपला सिद्धांत धार्मिक प्रश्नांच्या बाहेरचा आहे, तो मानायला किंवा नाकारायला श्रद्धा लागत नाही, हे त्यांचं ठाम मत होतं. पुढच्याच वर्षी रोममध्ये जगभरचे खगोलशास्त्रज्ञ जमले, तेव्हा पोपनी त्यांच्यासमोर तो दावा पुन्हा केला नाही. लमेत्र यांचा हा संयम मला त्यांच्या समीकरणांइतकाच मोठा वाटतो. उद्या महास्फोटाच्या जागी दुसरा सिद्धांत आला, तर त्यावर टेकवलेली श्रद्धाही खाली येईल. मुळात काहीच नसण्याऐवजी हे सगळं का आहे, हा प्रश्न मात्र कुठल्याही सिद्धांतानंतर शिल्लक राहतोच, आणि माझी श्रद्धा तिथे उभी आहे.

सगळे ख्रिस्ती असं मानत नाहीत. सतराव्या शतकात आर्चबिशप अशर यांनी बायबलमधल्या वंशावळींवरून सृष्टीचं वर्ष इसवी सनापूर्वी 4004 असं काढलं होतं. पृथ्वी काही हजार वर्षांचीच आहे असं मानणारी माणसं आजही आहेत, माझ्या नात्यातही आहेत. त्यांचं पवित्र शास्त्रावरचं प्रेम खरं आहे. पण पृथ्वीचं वय सुमारे 454 कोटी वर्षं निघतं, आणि हे वय सांगणारे दगडही देवाच्याच हातचे आहेत, एवढं मी त्यांना प्रेमाने सांगतो.

माझ्या मते खरी अडचण दिवसांची नाही, मरणाची आहे. बायबलमधल्या रोमकरांस पत्राच्या पाचव्या अध्यायात संत पौल लिहितो की पापाच्या द्वारे जगात मरण आलं. जीवाश्म तर सांगतात की माणूस येण्याच्या कोट्यवधी वर्षं आधीपासून प्राणी मरत होते, जातीच्या जाती नष्ट होत होत्या. पौल इथे माणसाच्या, देवापासून तुटण्याच्या मरणाबद्दल बोलतो, असं अनेक ईशपंडित म्हणतात. मलाही ते बरंचसं पटतं. तरी त्या मुक्या जीवांच्या वेदनेचा हिशेब त्यात पुरता लागत नाही. 1950 च्या परिपत्रकात बाराव्या पायसनी मानवी देहाच्या उत्क्रांतीवर संशोधनाला वाट मोकळी ठेवली, आत्मा मात्र थेट देवाकडून येतो असं सांगितलं. 1996 मध्ये दुसऱ्या जॉन पॉल यांनी, उत्क्रांती आता निव्वळ गृहीतक राहिलेली नाही, असं म्हटलं. तरीही हा प्रश्न मिटलेला नाही. रविवारच्या वर्गात मुलं तो मला विचारतात, तेव्हा मी फळ्यावर तीच उभी रेघ ओढून सुरुवात करतो आणि जिथे मला उत्तर येत नाही तिथे थांबतो.

शाळेच्या व्यवस्थापनाला एक विनंती. आपल्या प्रयोगशाळेत सी. व्ही. रामन आणि जगदीशचंद्र बोस यांचे फोटो आहेत. या महोत्सवी वर्षात त्यांच्या शेजारी पांढरी कॉलर घातलेल्या लमेत्र यांचाही एक फोटो लावावा. फ्रेमसह सगळा खर्च मी करीन.